भिवा तांडेलाच्या खऱ्याखोट्या जागा

कॉम्प्युटरच्या दुकानात काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते तसे ते आपोआप येतात. माणूस प्रिंटरची तक्रार घेऊन जिना चढतो आणि सासूची तक्रार सांगून उतरतो. आपण फक्त खुर्ची पुढे करायची आणि चहा सांगायचा. वीस वर्षांत मी दुसरं काही केलेलं नाही, तरी माझ्याकडे एवढा साठा झालाय की घरी जेवताना कुणी विषय काढला की भात निवतो.

आमचं दुकान आचऱ्याच्या तिठ्यावर, पहिल्या मजल्यावर. मालक विलासदादा. कॉम्प्युटरमधलं त्यांना एकच येतं, "बंद करून परत चालू कर." आणि वाईट याचं वाटतं, की बहुतेक वेळा तेवढंच पुरतं! दुसरी मी, शैला. दुरुस्ती, फॉर्म, प्रिंट आणि कुणाला छोटा प्रोग्राम हवा असेल तर तो, असं सगळं माझ्याकडे. तिसरी संज्योत. मूळची वालावलची, शिकली कणकवलीत, राहते इथे मावशीकडे. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, लिहिण्यात माझ्यापेक्षा हुशार, आणि हे तिला पक्कं माहीत आहे.

हे सगळे किस्से एकाच पावसाळ्यातले. त्याची सुरुवात झाली ती भिवा तांडेलांपासून.

* * *

जूनचा दुसरा आठवडा असेल. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांची झापं पांघरून झोपलेल्या. भिवाआबा छत्री झटकत वर आले. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, आणि आबा हे आमच्या किनाऱ्यावरचे सगळ्यांत जुने. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकत घातलेला. त्यांनी पानाची चंची उघडली, सुपारी बाजूला सारली आणि चुन्याच्या डबीखालून एक मेमरी कार्ड काढलं.

"ह्येच्यात माझे जागे आसत," आबा कुजबुजले.

जागा म्हणजे समुद्रात मासळी हमखास मिळते ती ठिकाणं. पूर्वी डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून ती लक्षात ठेवत. मग जीपीएसचं मशीन आलं. जाळं भरलं की तिथल्या तिथे बटण दाबायचं, एका जागेची एक फाईल तयार. आबांचं मशीन खाऱ्या पाण्याने मेलं होतं. कार्ड तेवढं जिवंत होतं. त्यावर चौऱ्याहत्तर फायली.

"मगे अडचण काय आसा, आबा?" मी विचारलं.

"ह्येतले निम्मे खोटे आसत."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. समुद्रावर निघालेल्याला "खंय जातास?" असं विचारायचं नाही, आणि परत आलेल्याने मासे कुठे मिळाले ते सांगायचं नाही. फारच कोणी खोदून विचारलं तर हात वर करायचा आणि जिथे गेलो नाही ती दिशा दाखवायची. आबांच्या शेजारचा म्हादू काही ना काही निमित्त काढून कार्ड मागून न्यायचा. नाही म्हणवत नाही, शेजारी पडला. म्हणून आबांनी खऱ्या जागांमध्ये खोट्या जागा घालून ठेवल्या. नावंही सगळ्यांना एकाच जातकुळीची. मोठी सासू, धाकटी सासू, जावय, बारको भाचो. कुणाच्या बापाला कळणार नाही कुठली खरी!

"बरा केलात," विलासदादा म्हणाले. "आता सांगा, खरे खंयचे?"

आबांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"ताच तर तुमका इचारूक इलंय!"

आम्ही हसलो. आबाही हसले. पण जाताना जिन्यावर थांबले आणि खाली बघत बोलले. त्यांचा मुलगा दिगंबर आखातात एका जहाजावर नोकरीला. या वेळी सुट्टीवर आला आणि म्हणाला, बाबांच्या जागा मिळाल्या तर मी होडी चालवतो, नाहीतर नारळी पौर्णिमा झाली की परत जहाजावर. बापाची होडी घ्यायची आणि अंदाजाने समुद्रात फिरायचं, हे त्याला परवडणार नव्हतं.

"तो हयसर ऱ्हवलो तर बरा," आबा म्हणाले. एवढंच. मी कार्ड रुमालात गुंडाळलं आणि मनाशी ठरवलं, या पोराला जाऊ द्यायचं नाही.

* * *

पहिल्या दिवशी आम्ही सोपं काम काढलं. कुठली फाईल कधी तयार झाली ते बघू, म्हणजे आबांना त्या वर्षावरून तरी आठवेल.

प्रत्येक फाईलबरोबर तिची माहिती असते. आकार किती, मालक कोण, शेवटचा बदल कधी, शेवटची उघडली कधी. पायथनला विचारलं की तो ही दहा गोष्टींची रांगच समोर ठेवतो. त्यातली हवी ती एक तर नंबराने उचलायची, नाहीतर नावाने. संज्योतने कुठल्यातरी जुन्या पानावरून नंबर टिपून घेतलेला.

स्क्रिप्ट चालवला. चौऱ्याहत्तर फायली, सगळ्या जानेवारी १९७० च्या!

विलासदादांनी चष्मा पुसला. "१९७० साली आबा केवढे हुते गो?"

"बारा वर्षांचे."

"मशीन निघूच्या आधीच जीपीएस वापरी! पोरगो लय हुशार हुतो म्हणायचो!"

चूक साधी होती. तिने उचललं ते आकाराचं घर. कॉम्प्युटर १९७० पासून सेकंद मोजतो, आणि फायली होत्या चिमुकल्या. आकाराचे पाच-सहा हजार त्याने सेकंद धरले आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच सकाळी आम्हाला नेऊन सोडलं.

संज्योतने नंबर एकाने वाढवला. आता सगळ्या फायली आजच्या! कारण ते घर होतं शेवटचं उघडल्याचं, आणि उघडल्या आम्हीच.

"पन्नास वर्षां एका मिनटात," विलासदादा म्हणाले. "आबांची होडी पळताहा बरी!"

"अगो बाय, नंबर कित्याक मोजतस?" मी म्हटलं. "नावान हाक मार ना!"

तिने गाल फुगवले, पण नंबर खोडून नाव लिहिलं. एमटाइम, म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ. आणि तारखा आल्या, वर्षावर्षांच्या, रांगेने, खऱ्याखुऱ्या. मग बाईसाहेब मलाच शिकवायला लागल्या. "आमच्या वालावलीत घर नंबरान कोण शोधता काय? तळ्याकडला म्हटला की पोस्टमन सरळ ओटीर येता!"

* * *

नंबर आणि नाव यातला फरक विलासदादांना मात्र काही केल्या कळेना. तो त्यांना दोन दिवसांनी चहाने समजावला.

दुकानात चहा तेच करतात, आणि कुणाला हात लावू देत नाहीत. फळीवर डबे. पहिला पावडरचा, दुसरा साखरेचा, तिसरा मिठाचा. मीठ मेपासूनचं, कैरीबरोबर खायला आणलेलं. दादा बघतसुद्धा नाहीत, गप्पा मारता मारता दुसऱ्या डब्यात चमचा घालतात. संज्योतने फळी पुसली आणि डबे परत ठेवले. आपल्या पद्धतीने.

त्या दिवशी आरशासारखे चकचकीत दात घासून एक मुंबईचे पाहुणे आले होते. गावात बंगला बांधताहेत, त्यांना नकाशाचे प्रिंट हवे होते. दादांनी खास आलं घालून चहा केला. पाहुण्यांनी घोट घेतला आणि कितीतरी वेळ गिळला नाही.

"कोकणी पद्धतीचा आहे का?" शेवटी त्यांनी विचारलं.

दादांनी आपला कप तोंडाला लावला आणि क्षणात सावरले. "हो. समुद्राजवळचा."

पाहुण्यांनी तो संपवला! ते गेल्यावर दादा उठले, मार्करने तिन्ही डब्यांवर नावं लिहिली आणि संज्योतला म्हणाले, "तुझा पायथन माका आता कळला."

* * *

जून संपला. आबा दर बाजाराच्या दिवशी येऊन बसत. तारखांवरून त्यांना काही आठवेना. "त्या वर्साक जावयाची म्हस मेली," असं आठवायचं, पण जागा खरी की खोटी ते नाही. मला काळजी वाटायला लागली. विलासदादांना नाही, कारण त्यांच्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं.

दादा नाटक लिहितात. गेली सहा वर्षं पहिलाच अंक चाललाय. 'नाटक नवीन शेवटचे' नावाची फाईल दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहे. फाईल शेवटची कधी उघडली तेही कळतं म्हटल्यावर ते हळूच संज्योतजवळ गेले. "माझी बघ गो. कोणी उघडता काय?"

तिने बघितलं. आज सकाळी साडेदहा.

दुसऱ्या दिवशी बघितलं. सकाळी साडेदहा. तिसऱ्या दिवशीही! दादा दहाला देवळात जातात, अकराला येतात. म्हणजे ते नसताना कोणीतरी रोज त्यांचं नाटक वाचतं! त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. संज्योतकडे बघितलं, तिने खिडकीबाहेर बघितलं.

"ऱ्हवांदे," दादा हळव्या आवाजात म्हणाले. "लाजतास तुमी. माका कळला."

खरं सांगू? रोज साडेदहाला अँटीव्हायरस सगळ्या फायली तपासतो. सहा वर्षांत त्या नाटकाचा तो एकमेव वाचक! पण हे सांगायला आमच्यापैकी कुणाची जीभ रेटेना. त्या आठवड्यात दादांनी पहिला अंक पुरा करून दुसऱ्याला हात घातला, आणि त्यातली नायिका तर आता बरीच सुधारली आहे.

* * *

फायलीची वेळ खरं बोलते ही बातमी तिठ्यावर पसरायला वेळ लागला नाही. एका मंगळवारी एका शाळेचे गुरुजी आले. नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे. शनिवारपर्यंत द्यायचा अहवाल त्यांनी मंगळवारी आमच्याकडे टाईप करून घेतला आणि म्हणाले, "मॅडम, ही फाईल शनिवारची दिसली असती तर फार बरं झालं असतं."

संज्योतला ते एका ओळीचं काम होतं. मी डोळे वटारले. पण विलासदादा मुळात मऊ. त्यांनी आपल्या पद्धतीने, सरळ कॉम्प्युटरचं घड्याळच शनिवारवर नेलं. फाईल सेव्ह केली. गुरुजी आशीर्वाद देत गेले. घड्याळ पुढे आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्याच दुपारी दादांनी बायकोच्या भाचीच्या मंगळागौरीचं आमंत्रण टाईप केलं. शुभावहिनी संध्याकाळी ते बघायला आल्या. अक्षरं बघितली, फुलं बघितली, आणि मग बोट स्क्रीनवर खाली, फाईलच्या तारीख-वेळेवर आलं.

"ह्या शनवारी चाराक केलास?"

"होय… नाय… काय ता?"

"शनवारी तुमी कुडाळाक बाराव्याक गेल्लात ना?"

आता यातली गंमत अशी, की दादा शनिवारी खरोखरच कुडाळला बाराव्याला गेले होते! मी साक्ष दिली. संज्योतने साक्ष दिली. दादांनी एसटीचं तिकीट शोधलं, ते धुतलेल्या शर्टात लगदा झालेलं मिळालं.

"तुमी तिगाय एका दुकानातली," वहिनी म्हणाल्या. "फायल खोटा बोलात काय?"

दादांचं जेवण दोन दिवस ताटलीखाली झाकलेलं मिळालं. गुरुजींचा अहवाल म्हणे कुणी उघडलासुद्धा नाही.

* * *

जुलै सरत आला. दिगंबर एकदा स्वतः येऊन गेला. उंच, शांत पोरगा, हात बापासारखे. "जमता काय ओ?" एवढंच विचारलं. जहाजाच्या कंपनीचे फोन सुरू झाले होते. मी म्हटलं, "जमवतंय." जमत काहीच नव्हतं.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी आम्ही शेवटचा उपाय केला. संज्योत एकेक नाव वाचणार आणि आबा डोळे मिटून आठवणार. नावं कुजबुजत वाचायची, अशी आबांची अट. मध्येच एक माणूस आधार कार्डाचा प्रिंट काढायला वर आला. आबांनी संज्योतला हाताने गप्प केलं आणि एकदम खड्या आवाजात सुरू झाले, "औंदा पाऊस बरो लागलो, न्हय?" तो माणूस डोंगरपट्टीतला, काजूवाला. समुद्र त्याने पुलावरून बघितला असेल तेवढाच. पण तो जिना उतरेपर्यंत आबा पावसाबद्दल बोलत राहिले.

"आबा, इतके खोटे जागे केल्यात कधी?" संज्योत वैतागून म्हणाली.

"कधी म्हणजे? खरो जागो समुद्रातच करूचो. जाळा भरला, बटन दाबला. खोटो घराकडे. जेवचा, हात धुवचो, पडवेत बसान आकडे भरूचे."

मी आणि संज्योतने एकमेकींकडे बघितलं. आबांना एसटी गाठायची होती, ते उठले. आम्ही त्यांना थांबवलं नाही. इथेच चुकलो, पण ते नंतर.

तारीख नको, तास बघायचा! खरी जागा समुद्रावरच्या वेळेत सेव्ह झालेली, खोटी घरच्या वेळेत. संज्योतने एमटाइममधून फक्त तास काढला आणि दोन ढीग झाले, असे स्वच्छ की मला टाळी वाजवावीशी वाटली. एक ढीग सकाळी सात ते दहाचा. दुसरा रात्री साडेअकरा ते तीनचा. मधे एकही फाईल नाही!

"सकाळच्या खऱ्या," संज्योत म्हणाली. "रात्रीच्या खोट्या. रात्रीचा जेवण झाला की पडवीत बसत असतील."

"तीन वाजेपर्यंत?"

"म्हाताऱ्या माणसाला झोप कुठे असते!"

मला पटलं. माझे सासरेही रात्री उठून रेडिओ लावतात. आम्ही सकाळच्या ढिगाची यादी छापली, दिगंबरला बोलावलं आणि त्याने ती नव्या मशीनमध्ये भरली. त्या दिवशी दुकानात विलासदादांनी चहात साखर दुप्पट घातली, नावं वाचून.

* * *

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि दोन दिवसांनी दिगंबर पहिल्यांदा स्वतः होडी घेऊन गेला. आबा बंदरावर उभे होते म्हणे, पण "खंय जातस?" विचारलं नाही. बापाने विचारायचं नसतंच.

आम्ही दुकानात. मी तीन फॉर्म चुकीचे भरले. संज्योतने कारण नसताना तोच स्क्रिप्ट चार वेळा चालवला. अकरा वाजले, बारा वाजले. पहिल्या फेरीला रिकामा आला तर हा पोरगा पुन्हा बापाकडे बघणार नाही, जहाजाकडे बघेल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

एक वाजता जिन्यावर पावलं वाजली. दिगंबर होता, चिंब, आणि हातात हातभर लांब सुरमई.

"होडी वाकडी झाली ओ!" तो म्हणाला. "बाजूक सरकान बसूची पाळी इली! जावय म्हणान एक जागो आसा, थंय जाळा वडताना हात सोलावले."

विलासदादा टाळ्या वाजवत उठले. दिगंबरने आमच्या समोरच फोन काढला, जहाजाच्या एजंटला लावला. "मी येवचंय नाय," असं आधी मालवणीत बोलून गेला, मग मराठीत परत सांगितलं. मला रडू आलं, आणि मी ते कांद्यावर ढकलू शकत नव्हते कारण दुकानात कांदा नव्हता.

दुसऱ्या फेरीला तो धाकट्या सासूवर गेला. पुन्हा होडी भरून!

* * *

आठवड्याने दिगंबर नव्या मशीनचं कार्ड घेऊन आला. "एक नवीन जागो मीच केलंय," तो अभिमानाने म्हणाला. "काल अकराक बटन दाबलंय. नीट इलो काय बघा."

संज्योतने स्क्रिप्ट चालवला. फाईल आली. वेळ, पहाटे साडेपाच.

"अकरा म्हणालात ना?"

"अकराच. साडेपाचाक आमी बंदरातच हुतो, मशीन चालू पण करूक नव्हता."

"मशीन लंडनाक जावन इला काय?" विलासदादा म्हणाले.

ते गमतीने म्हणाले. पण संज्योतचा हात कीबोर्डवर होता तिथेच थांबला. ही मशीनं सगळीकडे एकच वेळ लावतात, लंडनकडची. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास! जुनं मशीनही त्याच कंपनीचं. तिने जुनी यादी काढली आणि एकेका वेळेत साडेपाच तास मिळवत गेली. रात्री साडेअकराची झाली पहाटे पाचची. दीडची झाली सकाळी सातची. आणि आमचा तो सुंदर सकाळचा ढीग? साडेबारा, दोन, अडीच. सगळा भरदुपारचा. जेवून, हात धुऊन, पडवीतला!

मी खुर्चीत बसले. दिगंबर स्क्रीनकडे वाकला.

"म्हणजे मी दोन्ही दिवस खोट्या जाग्यार गेललंय?"

"हो."

"मगे मासे?"

समुद्रातलं मला काही कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांनाही मी नंतर विचारून बघितलं. कुणी तळाशी खडप, म्हणजे खडक, असल्याचं म्हणालं, कुणी पाण्याची ओढ बदलल्याचं, कुणी देवाचं.

दिगंबरने खऱ्या जागांची यादी घेतली, घडी करून खिशात ठेवली. "मी आता खंय जाणय नाय," तो म्हणाला. "पण बाबांका ह्या तुमी सांगा. माका जमाचा नाय."

त्या दुपारी मी आणि संज्योत आबांच्या घरी गेलो. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. आयुष्यभर जपलेल्या जागा बाजूलाच राहिल्या आणि पोराचं पोट त्यांनी शेजाऱ्याला फसवायला केलेल्या जागांनी भरलं, हे त्या माणसाला कसं सांगायचं? आबा नुकते जेवून पडवीत बसले होते, पान लावत. मी आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. चूक आमची, घड्याळ लंडनचं, यादी उलटी.

आबा ऐकत राहिले. पानाला चुना लावायचा राहिला.

"खंयचो म्हणालस जागो?"

"जावय. आणि मगे धाकटी सासू."

"जावय माका आठावता," आबा सावकाश म्हणाले. "तेचे आकडे मीच भरललंय. शेवटचे तीन आकडे जावयाच्या मोबाईलाचे."

"आणि धाकटी सासू?" संज्योतने विचारलं.

"तेचे एसटीचे. समोरसून जाय हुती, तिच्या पाटीवरचे."

आतून आजींनी विचारलं, "चाय ठेवू काय गो?" आबांनी पान तसंच गुडघ्यावर ठेवलं आणि समुद्राकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"मगे शैला, चाळीस वर्सां मी पहाटे चाराक कित्याक उठलंय गो?"